बारा गाडगी

जमुना गेली त्याच्या आठव्या दिवशी महादेवरावांच्या दारात एक पांढरी जीप थांबली. दोघं उतरले. एकाच्या काखेत वही होती. त्यानं बूट न काढताच ओसरीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि विचारलं, आत्महत्या का? महादेवराव म्हणाले, नाही, तापानं गेली. शेती किती? शेती नाही. वहीवाल्यानं वही मिटली, सोबतच्याकडे पाहून मान हलवली आणि जीप चिखल उडवत पुढच्या गावाला निघून गेली.

त्या वर्षांत अशा जीपा वरूडकडच्या सगळ्या गावांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. मुंबईचे लोक येत, दिल्लीचे येत, मेलेल्यांची मोजदाद करत. मोजणीत न बसणारं मरण कुणाच्या कामाचं नव्हतं. जीप गेल्यावर महादेवराव बराच वेळ पायरीकडे पाहत बसले. पायरीवर बुटाचा ठसा उमटला होता. ती पायरी जमुनानं ताप यायच्या आदल्या दिवशी सारवली होती. त्यांनी उठून तो ठसा हाताच्या तळव्यानंच पुसला. पुसता पुसता एक शिवी तोंडातून निघाली. त्या दिवशी राग जो अंगात शिरला तो पुढं चार महिने उतरलाच नाही.

महादेवराव वरूडच्या संत्रा मंडीत लाकडी पेट्या ठोकायचे. तीस वर्षं तेच काम. जमुना त्याच मंडीत संत्री निवडायला बसायची. चांगलं एकीकडे, डागी एकीकडे, सडकं मागच्या बाजूला. तो सडका माल मंडीच्या मागं पडून पडून त्याची टेकडी झाली होती. तिचं पाणी झिरपून खाली नाली झाली होती आणि नालीत काळा कुळकुळीत गाळ साचला होता. उन्हाळ्यात त्यातून बुडबुडे निघत. तिथून जाताना माणसं नाक दाबून जात.

दोन वर्षांपूर्वी, मृगाच्या बहाराची संत्री मंडीत असताना, अमरावतीच्या एका कॉलेजातले चांदूरकर सर त्या नालीपाशी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात प्लॅस्टिकचा डबा. ते गाळ भरू लागले. बायांनी विचारलं, सर, हे कशाले? सर म्हणाले, या गाळात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, ते घाण खातात, आणि खाता खाता त्यांच्यापासून थोडी वीज निघते. ती धरता आली तर दिवा लागेल. सगळ्या बाया हसल्या. चौदा चौदा तास लाइन जायची तेव्हा. त्यात हा माणूस गटारातून दिवा लावायला निघाला होता. जमुना हसली नाही. ती उठून नालीपाशी गेली आणि म्हणाली, वरचा गाळ नका घेऊ, तो वाळून मेलेला असते. कोपरापर्यंत हात घाला, बुडबुडा निघते तिथला घ्या. सर घाबरत होते म्हणून तिनंच हात घातला.

तिथून ते सुरू झालं. सरांनी एक गाडगं तयार करून दाखवलं. गाडग्याच्या तळाशी एक काळी कांडी, तिच्यावर गाळ दाबून भरायचा, वर दुसरी कांडी हवेला उघडी ठेवायची, दोन्हीला तार. कांड्या महाग होत्या. जमुनानं गावातली पोरं पाठवून बॅटरीचे संपलेले सेल गोळा केले, महादेवरावांच्या हातोडीनं फोडले आणि त्यांच्या पोटातल्या काळ्या कांड्या काढल्या. एक कांडी बारीक पडते म्हणून ती पाच-पाच कांड्या तारेनं जुडीसारख्या बांधायची. अशी बारा गाडगी म्हशीच्या कोठ्याच्या भिंतीला ओळीनं मांडली. एकाची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. बाराव्याच्या तारेला एक लाल दिवा, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो दिवा कोठ्याच्या चौकटीला खिळ्यानं ठोकायचं काम महादेवरावांचं. त्यांनी ते केलं, आणि ठोकता ठोकता म्हणाले, "गटाराचा दिवा! लोक आपल्याले येडे म्हनतीन."

"म्हनू द्या," जमुना म्हणाली. "लाइनवाल्याच्या दिव्यापेक्षा बरा. याचं तोंड रोज तरी दिसते."

दिवा लागला. त्याच्या उजेडात म्हशीचं तोंडही दिसत नव्हतं, पण कोठ्याची कडी कुठं आहे ते दिसायचं. जमुनाला तेवढंच हवं होतं.

सर महिन्यातून एकदा यायचे. वहीत लिहून घ्यायचे. त्यांनी गाडग्यांना संत्र्याचा सडका चोथा सालीसकट घालायला सांगितला होता. तसा घातला, तर दहा दिवसांत दिवा विझला. सर म्हणाले, आंबटपणा वाढला असेल, नवीन गाळ भरू. जमुनानं नवीन गाळ भरू दिला नाही. तिनं साली वेगळ्या काढल्या. सालीतलं तेल डोळ्यात गेलं तर आपण दिवसभर रडतो, मग त्या बारक्या जीवांचं काय होत असेल, असं तिचं म्हणणं. नुसता गर दोन दिवस ठेवून, त्यात गोवरीच्या राखेची चिमूट कालवून, वरून तांदळाचं धुवण घालून ती रोज वाटीभर द्यायची. व्यालेल्या म्हशीला जसं एकदम खाऊ घालत नाहीत तसं. आठ-दहा दिवसांत दिवा परत आला आणि मग दीड वर्ष विझला नाही. सरांनी एक काट्याचा मीटर तिच्याकडे ठेवून दिला होता. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं मीटरच्या काचेवर कुंकवाचा एक ठिपका लावला. रोज सकाळी एकेका गाडग्याला तारा लावायची, काटा ठिपक्यापर्यंत आला की म्हणायची, याचं पोट भरलं. नाही आला तर, हा उपाशी आहे.

महादेवराव हे सगळं पाहून हसायचे. पुढं त्यांना तेच आठवायचं, आपण हसायचो.

भादव्यात जमुनाला ताप भरला. गावच्या डॉक्टरानं दोन सुया टोचल्या, तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. जाण्याआधी शुद्धीत होती तेव्हा तिनं विचारलं, गाडग्यायले दिलं काय? महादेवराव म्हणाले, देलं. दिलं नव्हतं.

दहाव्या दिवशी घर सारवायला आणि शुद्ध करायला भावकीतल्या बाया जमल्या. त्यांच्या पुढारी इंदूबाई, महादेवरावांची थोरली भावजय. सुतक फिटायच्या दिवशी घरातली मातीची भांडी बाहेर काढून टाकायची, ही रीत सगळ्या घरात चालत आलेली. माठ गेला, रांजण गेला, पिठाचं मडकं गेलं. मग इंदूबाई कोठ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, हे बी काढा."

महादेवराव म्हणाले, त्यात खाण्यापिण्याचं काही नाही वैनी, त्यात गाळ आहे. इंदूबाई म्हणाल्या, मडकं ते मडकं. तिचा हात लागलेलं. सुतकातलं घरात ठेवलं तर तिचा जीव त्यातच अडकून राहील, हे तुम्हाला चालते काय? सगळ्या महादेवरावांकडे पाहत होत्या. डोकं नुकतंच भादरलेलं, डोळे सुजलेले. त्यांनी वाद घातला नाही. तारा तोडल्या. एकेक गाडगं उचलून गावाबाहेर ओढ्याच्या काठी नेऊन टाकलं. बारा खेपा केल्या. कुणी हात लावला नाही, त्यांनीच नेली. चौकटीचा लाल दिवा तिथंच राहिला, नुसता, बिनतारेचा.

त्यानंतर दोन आठवड्यांनी चांदूरकर सर आले. त्यांना काही माहीत नव्हतं. महादेवरावांनी सांगितलं. सर ओसरीवर टेकले, वाईट झालं म्हणाले, फार हुशार बाई होती म्हणाले. मग उठून कोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

"गाडगी कुठं आहेत?"

महादेवरावांनी सांगितलं, फेकली.

सर ओरडले नाहीत. पण त्यांचा आवाज चिरकला. ते म्हणाले, महादेवराव, ते जंतू जमायला दीड वर्ष लागलं होतं. माझ्या सगळ्या प्रयोगात तेवढीच बारा जिवंत होती. कॉलेजातली एकही टिकली नाही. माझी दीड वर्षाची मेहनत तुम्ही ओढ्यात टाकली. अडाणीपणाला काही हद्द असते.

अडाणी शब्द महादेवरावांना लागला नाही. तो आयुष्यभर ऐकला होता. 'माझी मेहनत' हे दोन शब्द लागले. सकाळी उठून गर कालवायची ती. उन्हात गोणपाट ओलं करून गाडग्यांवर टाकायची ती. तापात विचारलं तिनं. आणि हा माणूस महिन्यातून एकदा येऊन चहा पिऊन वहीत लिहून जायचा. त्यांनी सरांना एवढंच सांगितलं, जा आता. सर गेले. मीटर न्यायचं विसरले.

सर गेल्यावर महादेवराव ओढ्याकडे गेले. गाडगी पडली होती तशीच होती. सात फुटलेली, चार उन्हानं वाळून गाळाच्या भेगाळलेल्या ढेपा झालेल्या. बारावं उतारावरून गडगडत पाण्याच्या कडेला जाऊन अडकलं होतं, तोंड वर, गाळ अजून ओला. त्यांनी बोट घातलं. तोच वास. जमुनाच्या हाताला यायचा तो. ती कितीही धुवायची तरी जायचा नाही. महादेवराव तिथंच काठावर बसले आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडले.

ते गाडगं त्यांनी परत आणलं. इंदूबाईंनी आकांत केला. सुतकात टाकलेलं मडकं कुणी परत आणतं काय, घराचा सत्यानाश करता काय. महादेवराव म्हणाले, घरात नाई आनत. निंबाखाली ठेवतो. मी बी तिथंच बसतो, मंग तं झालं? इंदूबाई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. महादेवरावांना ते बरंच वाटलं.

आता ते जमुनाचं काम करू लागले. साल काढून गर ठेवायचा, धुवण घालायचं, राख घालायची. पहिल्या दिवशी त्यांनी चुलीत उरलेली मूठभर राख घातली, काटा हललाच नाही. मग आठवलं, ती कशी घ्यायची: अंगठा आणि दोन बोटं, भाजीत मीठ घालताना घेतात तेवढी. तशी घेतली. गॅसची शेगडी होती, तिची राख कुठली? चुलीवर पाणी तापवायचं बंद केलं होतं, ते पुन्हा सुरू केलं, गोवरीची राख मिळावी म्हणून. अठरा दिवस काटा ठिपक्याच्या खालीच राहिला. एकोणिसाव्या दिवशी काचेवरच्या कुंकवाला लागला. महादेवरावांनी म्हशीला सांगितलं, कारण दुसरं कुणी नव्हतं.

डिसेंबरात सरांचं पत्र आलं. अकोल्याला मोठं शेतकरी प्रदर्शन आहे, मोठे पाहुणे येणार आहेत, आपला 'मातीतून वीज' हा प्रयोग तिथं मांडला आहे, तुम्ही लाभार्थी म्हणून या, स्टॉलवर खुर्चीत बसा, आमच्या घरी दिवा लागला एवढं सांगा, येण्याजाण्याची सोय होईल. मागच्या वेळी रागात बोललो त्याबद्दल खाली एक ओळ होती. महादेवरावांनी पत्र शेजारच्या पोरीकडून दोनदा वाचून घेतलं. जमुनाचं नाव त्यात आहे काय, असं विचारलं. पोरगी म्हणाली, नाही काका.

तर मग जातोच, महादेवराव म्हणाले. बोर्डावर तिचं नाव आहे की नाही ते पाहतो, आणि नसलं तर लावून घेतो. त्यासाठीच ते निघाले. गाडगं ओल्या गोणपाटात गुंडाळलं, मीटर पिशवीत टाकला, आणि पहाटेच्या एसटीत बसले. अमरावतीला गाडी बदलली. बडनेऱ्यापुढं कंडक्टर येऊन म्हणाला, बाबाजी, कोनाची अस्थी घेऊन चालले काय, वास येऊन राहिला. महादेवराव म्हणाले, बायकोची समज. मूर्तिजापूरपर्यंत शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही.

अकोल्याच्या मैदानावर मांडवच मांडव होते. ट्रॅक्टर, फवारे, बियाणं कंपन्यांचे फुगे. सरांचा स्टॉल कोपऱ्यात होता. निळ्या कपड्यानं झाकलेलं लांब टेबल, त्यावर सहा गाडगी. गेरूच्या रंगाचा ऑइलपेंट फासलेली, वर पांढरी नक्षी, एखाद्या लग्नातल्या कलशासारखी. त्यांच्या पुढं एक पांढरा दिवा लखलखत होता. मागं मोठा बोर्ड. छापील अक्षर महादेवरावांना सावकाश वाचता यायचं. त्यांनी ओळीवर बोट फिरवत वाचलं. चांदूरकर सरांचं नाव. कॉलेजचं नाव. चार विद्यार्थ्यांची नावं. शेवटी बारीक अक्षरात: ग्रामस्थांचे सहकार्य लाभले.

नावांच्या खाली एक फोटो होता. एक हात गाडग्यात वाटीतलं काहीतरी ओततो आहे. फक्त हात, कोपरापर्यंत. हिरव्या बांगड्या, आणि मनगटाच्या वर भाजल्याचा जुना लांबट डाग. तो डाग पुरणपोळीच्या तव्याचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पडलेला. सरांनी कॅमेरा आणला त्या दिवशी जमुना नवं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलं होतं, ओसरीवर उभी राहून विचारत होती, बराबर दिसते काय? महादेवरावांच्या कानशिलात रक्त चढलं. मेलेल्या बाईचं तोंडही कापून टाकलं होतं.

सर धावत आले. आलात, बरं झालं, म्हणाले. पाहुणे अर्ध्या तासात येतील, तुम्ही इथं बसा. त्यांनी खुर्ची ओढली. खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवला होता, लाभार्थी. महादेवराव बसले नाहीत. ते टेबलापाशी गेले आणि वाकून गाडग्याचा वास घेतला. गाळाचा वास नव्हता. फिनाइलचा होता. बोट घातलं, वरचा थर कोरडा, आत संत्र्याच्या सालीचे तुकडे. मग त्यांनी दिव्याकडे पाहिलं. पेट्या ठोकणाऱ्या माणसाला कोणता खिळा कुठं गेला हे वरून कळतं. दिव्याच्या तारा गाडग्यांकडे जात होत्या, आणि गाडग्यांच्या मागून खाली, कपड्याच्या आत जात होत्या. त्यांनी निळं कापड वर उचललं. खाली मोटारसायकलची बॅटरी ठेवली होती.

सरांनी घाईनं कापड खाली ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते हळू बोलू लागले. महादेवराव, ऐका. ही सहाही पंधरा दिवसांत मेली. तीनदा भरली, तीनदा मेली. तुमच्या घरी दिवा लागला होता हे खरं आहे की नाही? मग इथं लागलेला दाखवला तर खोटं काय सांगितलं? आज पाहुण्यांना आवडलं तर पुढं प्रयोगाला मदत मिळेल, मग खरीच लावू. आज गप्प राहा. जमुनाबाईंचं नाव पुढच्या बोर्डावर घालतो, शब्द देतो.

महादेवरावांनी विचारलं, राख किती घातली?

सरांनी विचारलं, कसली राख?

"चुलीतली. तिनं तुमाले सांगतली होती. तुमच्या पुढ्यात घालत होती."

सरांनी मान खाली घातली. ते म्हणाले, सांगितली होती. मी लिहिली नाही. मला वाटलं, बायका दृष्ट काढायला टाकतात तसं काहीतरी असेल.

महादेवरावांना वाटलं, आता या माणसाचा गळा धरावा. हात उठलाही. मांडवातले दोघं-तिघं वळून पाहू लागले. आणि त्याच क्षणी त्यांना बारा खेपा आठवल्या. यानं राख लिहिली नाही, कारण ती बाईची समजूत. आपण गाडगी फेकली, कारण ती बायांची रीत. यानं एक ओळ गाळली. आपण तर सगळंच आपल्या हातानं नेऊन टाकलं, आणि हा दिवा खरा होता हे आपल्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. हात खाली आला. राग गेला नाही. आता त्याला दोन तोंडं फुटली, एवढंच.

बॅटरीचं ओरडून सांगावं, तर लोक म्हणतील हे सगळंच थोतांड, आणि जमुनाचा दिवाही थोतांड. गप्प बसावं, तर तिचा दिवा या बॅटरीच्या पोटात गेला. महादेवरावांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी वाकून बॅटरीची तार उपटली.

पांढरा दिवा विझला. सर म्हणाले, काय करता, काय करता हे, पाहुणे आले. खरंच मांडवाच्या तोंडाशी गर्दी झाली होती. महादेवरावांनी एक नक्षीचं गाडगं बाजूला सारलं, पिशवीतून गोणपाट काढलं आणि जमुनाचं गाडगं टेबलावर ठेवलं. काळं, कड उडालेलं, ओलं. वास सुटला तशी जवळची माणसं मागं सरकली. त्यांनी मीटरच्या तारा लावल्या. काटा हलला, थरथरला, आणि कुंकवाच्या ठिपक्यापाशी जाऊन थांबला.

मग खिशातली सुताराची जाडी पेन्सिल काढली. व्यापाऱ्यांची नावं पेटीवर लिहून लिहून अक्षर वळणदार नसलं तरी मोठं होतं. बोर्डावर, फोटोतल्या हाताखाली, त्यांनी लिहायला घेतलं. वेळ लागला. पाहुणे स्टॉलपुढं आले तेव्हा ते 'जमु' पर्यंत पोचले होते. पाहुण्यांनी विझलेला दिवा पाहिला, गाडगं पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेले. त्यांच्यामागं सगळी गर्दी गेली. सर खुर्चीत, त्या लाभार्थीच्या खुर्चीत, मटकन बसले.

"तुम्ही माझं वाटोळं केलंत," सर म्हणाले.

महादेवरावांनी नाव पुरं केलं. जमुना महादेवराव बोंद्रे.

एक बाई मागं राहिली होती. बुरखा वर केलेला, हातात भाजीची पिशवी, सोबत नवरा. नवरा म्हणत होता, रजिया चल, यहाँ कुछ नहीं है. ती म्हणाली, रुको. आमच्या गल्लीत नाली तुंबलेली असते बारा महिने, तिनं महादेवरावांना सांगितलं, आणि लाइटचं तर विचारूच नका. हे खरं आहे का? दिवा कुठं आहे?

"खरं हाय," महादेवराव म्हणाले. "पन एका गाडग्याचा दिवा लागत नाई. बारा पायजे. बारा होते. माही बायको पोसत होती. ते मेली अन् म्या, ह्या हातानं, बाराई फेकून देल्ले. हे एकच वाचलं."

बाईनं विचारलं, खायला काय घालायच्या त्या? महादेवराव सांगू लागले. गाळ कुठला घ्यायचा. कांड्या सेलातून कशा काढायच्या. साल का काढायची. बाई ऐकत होती, नवराही थांबून ऐकू लागला. राखेपर्यंत आले तेव्हा महादेवरावांच्या लक्षात आलं, खुर्चीतल्या सरांनी खिशातून वही काढली आहे आणि ते लिहून घेत आहेत.

महादेवराव थांबले.

"सर, तुमच्या वहीत पयले तिचं नाव लिवा."

सरांनी वर पाहिलं. बोर्डावर तर लिहिलं तुम्ही, ते म्हणाले.

"ते म्या लिवलं. आता तुमी लिवा. पयल्या पानावर. राखेचं मंग सांगतो."

रजियाबी दोघांकडे पाहत होत्या. मग सरांनी पानं उलटी फिरवली, दोन वर्षांची पानं, आणि पहिल्या पानावर आले. तिथं त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्याच्या वर जागा थोडीच होती. त्यांनी पेन टेकवलं. महादेवराव टेबलावरून वाकून अक्षर न् अक्षर पाहत राहिले, आडनाव पुरं होईस्तोवर. मग अंगठा आणि दोन बोटं जुळवून, भाजीत मीठ घालताना धरतात तशी, त्यांनी चिमूट दाखवली.